मामा, मावशी आणि सिस्टर

रुग्णालयाच्या दारातून आत पाऊल टाकले की मराठी माणसाला नवी नाती जडायला वेळ लागत नाही. स्ट्रेचर ढकलणारा लगेच ‘मामा’ होतो, लादी पुसणारी आणि बेडपॅन देणारी ‘मावशी’ होते, परिचारिका ‘सिस्टर’ आणि तिच्या जोडीचा ‘ब्रदर’. डॉक्टर तेवढे डॉक्टरच राहतात; त्यांना कोणी काका म्हणत नाही. मग घरी जायचा दिवस उजाडतो, पेढ्यांचा पुडा येतो आणि तो जातो नेमका त्याच माणसाच्या टेबलावर, ज्याच्याशी आपण कसलेही नाते जोडलेले नसते. मामा-मावशींच्या हातावर निघताना पन्नासाची नोट ठेवली की आपला हिशेब पुरा.

हा हिशेब कुठेतरी चुकतो, असे मला वाटते. तो चुकतो हे मला २०१७ सालापर्यंत कळलेले नव्हते, कारण तोवर आमच्या घरात सर्दी-तापापलीकडे कोणाला काही झालेले नव्हते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये माझ्या पत्नीच्या स्तनात गाठ लागली. ज्या ठिकाणी सुईची तपासणी केली (नाव सांगत नाही, सांगून काही साधायचेही नाही) तिथल्या खिडकीवरच्या मुलाने बिलाचे सुटे पैसे मोजता मोजताच सांगितले, ‘कॅन्सर आहे, टाटाला घेऊन जा.’ पाकीट अजून माझ्या हातातही आले नव्हते. ही माझ्या शेजारीच उभी होती. बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, ‘अहो, त्याने वीस रुपये कमी दिले.’ आणि ते खरेही होते.

आम्ही दिव्याचे. पूर्वेला, फाटकापासून चालत दहा मिनिटांवर. ज्यांना दिवा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर मुंब्रा आणि डोंबिवली यांच्यामधले हे जंक्शन. कोकणात जाणाऱ्या पॅसेंजरच्या प्रवाशांना ते पहाटेच्या अंधारात दिसते, पनवेल आणि वसईकडे फाटे फुटतात ते इथेच, आणि बाकी मुंबईला ते ठाऊक आहे ते गर्दीपायी. २ जानेवारी २०१५ ला इथे प्रवाशांचा उद्रेक झाला, दगडफेक झाली, गाड्या बंद पडल्या. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, २०१६ च्या डिसेंबरात, काही जलद गाड्या दिव्याला थांबू लागल्या. पण परळला जलद गाडी थांबत नाही. त्यामुळे आमच्या नशिबी धीमी लोकल आणि तासाभराचा प्रवास, तोही सकाळच्या वेळेचा. ज्या बाईला केमोथेरपी चालू आहे तिला सकाळी दिव्याहून गाडीत चढवणे हा उपचारांतला कोणत्याही फाइलीत न नोंदलेला भाग आहे.

अपंगांचा डबा कर्करोगाच्या रुग्णांसाठीही राखीव असतो, हे मला टाटाच्या आवारातल्या एका मामांनी सांगितले. डब्यावर तसे लिहिलेले असते, पण तीस वर्षे त्याच फलाटावरून गाडी पकडूनही मी ते कधी वाचले नव्हते. पहिल्या दिवशी आत शिरलो तर कुबड्या घेतलेले एक गृहस्थ ओरडले, ‘हा डबा कोणाचा आहे, वाचता येत नाही का?’ वरून पाहता ही धडधाकट होती. तिने काही न बोलता डोक्यावरचा रुमाल मागे सारला. दुसरी केमो नुकतीच झाली होती. डब्यात कोणी काही बोलले नाही. ते गृहस्थ उठले आणि त्यांनी खिडकीची जागा दिली. पुढे चार महिने त्या गाडीत ती जागा ते आमच्यासाठी धरून ठेवीत आणि आम्ही दिसलो नाही की पुढच्या वेळी कारण विचारीत. हे वैद्यकीय कर्मचाऱ्यांविषयीच्या लेखात बसणारे नाही, याची मला कल्पना आहे. पण त्यांना वगळून पुढे जाणे मला जमणार नाही.

टाटा रुग्णालयाची कथा बहुतेकांना थोडीफार ठाऊक असते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळला हे रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला त्याचे उद्घाटन झाले. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे. समोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस या शल्यविशारदाचे नाव आहे. मूळचे गोव्याचे हे डॉक्टर गरीब रुग्णांमध्ये ज्या आदराने ओळखले जात, त्याच्या आठवणी जुने परळकर सांगत. रस्त्याला त्यांचे नाव दिले हे योग्यच झाले. ज्या स्त्रिया रात्रीच्या रात्री त्यांच्या रुग्णांपाशी उभ्या राहिल्या असतील, त्यांच्या नावाची मात्र पाटी कुठे नाही. पाटी लावायला आधी नाव माहीत असावे लागते.

आता सिस्टरांविषयी. पहिल्या चार केमोंमध्ये एक लाल रंगाचे औषध असते. मोठ्या सिरिंजमधून ते सावकाश शिरेत सोडावे लागते. शिरेबाहेर गळले तर आतले मांस जळते, म्हणून सोडणाऱ्याला जागचे हलता येत नाही. पहिल्या दिवशी एक केरळच्या सिस्टर हिच्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या, त्यांनी डाव्या हाताने हिचे मनगट धरले आणि उजव्या हाताने औषध सोडायला सुरुवात केली. मी जरा भारावून म्हणालो, ‘सिस्टर, तुम्ही किती मायेने हात धरलात!’ त्यांनी वर न बघता आपल्या मराठीत सांगितले, ‘माया नाय काका, शीर बघते मी. फुगला तर कळायला पाहिजे.’

मला तेव्हा थोडे ओशाळल्यासारखे झाले. पण पुढे आठ-दहा महिन्यांत जेव्हा जेव्हा कोणी ‘अगदी देवमाणसे हो तिथली’ असे म्हणे, तेव्हा मला ते वाक्य आठवे. शीर बघणे हीच ती गोष्ट होती. केमोने शिरा आकसतात, काळ्या पडतात, सापडेनाशा होतात. दोन-तीन जणांनी टोचून सोडून दिलेल्या हातात नेमकी शीर शोधणारे बोट हे वीस वर्षांच्या सरावाने तयार झालेले असते. त्या बोटाला ‘माया’ म्हटले की आपण त्यातला सराव, शिक्षण, जागरण सगळे पुसून टाकतो आणि उरतो तो फक्त स्वभाव. स्वभावाला पगार द्यावा लागत नाही, बढती द्यावी लागत नाही, त्याची पाळी बारा तासांची झाली तरी कोणाला खटकत नाही. माझ्या मते आपल्या कृतज्ञतेतली पहिली गफलत ती हीच.

अर्थात माया नव्हती असे मी म्हणत नाही. तिसऱ्या केमोच्या दिवशी शेजारच्या खाटेवर जालन्याकडची एक मुलगी होती, वय पंचविशीचे, बरोबर फक्त सासरे. त्यांनी पागोटे मांडीवर घेतले होते आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले होते, कारण सुनेच्या छातीचा विषय. त्याच सिस्टर त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, ‘बाबा, तुम्ही चहा पिऊन या, मी आहे इथे.’ म्हातारा गेल्यावर ती मुलगी पहिल्यांदा मोकळेपणाने रडली आणि मग तिने विचारले, मूल होईल का नंतर? हा प्रश्न तिला डॉक्टरांच्या खोलीत सासऱ्यांसमोर विचारता आला नव्हता. सिस्टरांनी स्वतः उत्तर दिले नाही. त्या उठल्या, तरुण डॉक्टरबाईंना बोलावून आणले आणि पडदा ओढला. म्हाताऱ्याला चहाला पाठवणे हे कोणत्या अभ्यासक्रमात शिकवतात?

मामांचे काम निराळे. टाटासारख्या ठिकाणी नवा माणूस पहिल्या दिवशी हरवतोच. रक्त इथे, एक्स-रे तिथे, सोनोग्राफीची तारीख तिसऱ्या खिडकीवर, जुनी इमारत, नवी इमारत, हातात जाडजूड फाइल आणि पाठीमागे रांग. देशभरातून माणसे येतात. त्यांतल्या निम्म्यांना मराठीही येत नाही आणि इंग्रजीही. तिथे ‘सरळ जा, डावीकडे लिफ्ट, तिसरा मजला, आणि हो, आधी शिक्का मारून घ्या नाहीतर परत पाठवतील’ हे सांगणारा माणूस डॉक्टरांइतकाच मोलाचा असतो. हे काम पूर्वी ज्याच्या त्याच्या चांगुलपणावर चालत असे. २०१९ साली टाटा मेमोरियलने ‘केवट’ नावाचा उपक्रम सुरू केला. रामाला नदीपार नेणाऱ्या नावाड्याचे नाव त्याला दिले. रुग्णाला पहिल्या दिवसापासून वाट दाखवणारे प्रशिक्षित लोक नेमायचे आणि त्यांच्यासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेबरोबर रीतसर अभ्यासक्रमही चालवायचा, अशी ही कल्पना. मामा जे सवडीने करीत होते ते आता कोणाची तरी नोकरी झाले. मला ही बातमी वाचून फार बरे वाटले. आभार मानण्याची हीसुद्धा एक रीत आहे. जे काम उपकार म्हणून होत होते, त्याची जागा निर्माण करायची, तिला पद द्यायचे, वेतन द्यायचे.

वाचक म्हणतील, सगळेच मामा असे नसतात. बरोबर आहे. ‘चहापाणी’ मागणारेही भेटतात आणि स्ट्रेचरला हात लावण्याआधी तुमच्या खिशाकडे बघणारेही भेटतात. रात्री तिसऱ्यांदा घंटी वाजवली म्हणून वैतागून बोलणाऱ्या सिस्टरही आम्ही पाहिल्या. पण त्या रात्री त्या एकट्या होत्या आणि खाटा किती होत्या हे मी झोप येत नाही म्हणून मोजले होते. अठ्ठावीस.

हे झाले एका रुग्णालयातले. दुसरी केमो झाल्यावर दहाव्या दिवशी हिला रात्री दोन वाजता ताप चढला. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना आलेला ताप म्हणजे सकाळपर्यंत थांबायचे नाही, हे आम्हाला कागदावर लिहून दिलेले होते. पण दिव्यात रात्री दोन वाजता काय मिळणार? त्या वेळी परळ गाठणे अशक्य होते. शेजारच्या मुलाने रिक्षा आणली, फाटक ओलांडले आणि ठाण्याच्या दिशेने गेल्यावर एका रुग्णालयाने दाखल करून घेतले. तिथे हिला पाच दिवस वेगळ्या खोलीत ठेवले होते. मला आत बसायची परवानगी नव्हती. त्या पाच दिवसांत हिच्यापाशी जास्तीत जास्त वेळ कोणी काढला असेल, तर तो मावशींनी.

डॉक्टर दिवसातून दोनदा येत, सिस्टर ठरल्या वेळी सलाइन बदलून जात. मावशी मात्र सतत आत-बाहेर. लादी पुसायला, चादर बदलायला, भांडे उचलायला, पाणी ठेवायला. तिसऱ्या दिवशी हिचे उरलेसुरले केस उशीवर पुंजक्या-पुंजक्यांनी यायला लागले. तोंडात जात, अंगाला चिकटत. हिने ते कागदात गोळा करून ठेवले होते, कारण टाकवेनात. मावशींनी दुपारी काम आटपल्यावर दार लोटले, प्लास्टिकचे टेबल पुढे ओढले आणि विचारले, ‘काढून टाकू का सगळे? माझ्या बहिणीचे पण मीच काढले होते.’ मग त्यांनी कात्रीने बारीक केले, कोमट पाण्याने डोके पुसले, चादर झटकली आणि केसांचा तो कागद स्वतः बाहेर नेला. हिने विचारले, ‘बहीण कशी आहे?’ त्या म्हणाल्या, ‘ती नाही आता. पण तुमचे वेगळे आहे.’ एवढे बोलून बादली उचलून गेल्या. हिला खोटा दिलासा देणारी माणसे तेव्हा रोज पाच-पंचवीस भेटत होती. ही म्हणते, त्या सगळ्यांत मला खरे वाटले ते हे.

घरी जाताना मी मावशींच्या हातावर शंभराची नोट ठेवली. त्यांनी घेतली. त्यात गैर काही नाही.

त्यानंतर आला तो २९ ऑगस्ट २०१७. मुंबईकरांना ही तारीख सांगावी लागत नाही. मंगळवार होता, हिची सहावी केमो. गणपतीचे दिवस, त्यातही पाच दिवसांच्या गणपतींच्या विसर्जनाचा दिवस. सकाळी आम्ही पावसातच निघालो आणि पोहोचलो. दुपारी बघता बघता परळ-दादर पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या, समोरच्या के. ई. एम. मध्ये तळमजल्यावर पाणी शिरले. संध्याकाळी केमो संपली तेव्हा घरी जायला रस्ताच उरला नव्हता. माझ्या एक गोष्ट उशिरा लक्षात आली. घरी आम्ही जाऊ शकत नव्हतो तसेच दिवसपाळीचे कर्मचारीही जाऊ शकत नव्हते, आणि रात्रपाळीचे येऊ शकत नव्हते. ज्या सिस्टरांनी सकाळी साडेआठला हिच्या हाताला सुई लावली होती, त्याच रात्री साडेदहाला खुर्चीवर बसलेल्या हिच्या पायाखाली खोके सरकवीत होत्या, पाय लोंबकळून सुजू नयेत म्हणून. एका मामांचे घर बदलापूरला. त्यांचा घरी फोन लागत नव्हता. ते पंधरा-पंधरा मिनिटांनी कोपऱ्यात जाऊन फोन लावून बघत आणि परत येऊन कोणाला पाणी, कोणाला पांघरूण देत. कुठूनतरी बिस्किटे आणि चहा आला. मी त्यांना विचारले, ‘घरी कोण असतं?’ म्हणाले, ‘मुलगी, सातवीत. एकटी आहे.’

त्याच संध्याकाळी तिथून जवळच बॉम्बे हॉस्पिटलचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर पाण्यातून घराकडे चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. ही बातमी आम्ही नंतर वाचली. या शहरात रुग्णांची वाट बघणारे आणि वाट लावणारे रस्ते एकच आहेत. दुसऱ्या दिवशी गाड्या रडतखडत सुरू झाल्यावर आम्ही दिव्याला पोहोचलो. डब्यात समोर दोन तरुण परिचारिका भिंतीला डोके टेकून झोपल्या होत्या. एकीच्या पिशवीतून ओला गणवेश डोकावत होता. त्या कळव्याला उतरल्या.

आमच्या दिवा-मुंब्रा-कळव्याकडची माणसे तक्रार करतात की आमच्याकडे मोठे रुग्णालय नाही. तक्रार खरीच आहे. टाटाचे खारघरचे केंद्र २००२ पासून आहे, पण दिव्याहून तिथे जायचे तर ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने, नाहीतर पनवेलच्या मोजक्या गाड्यांपैकी एखादी साधून. २०२३ साली ठाण्यात बाळकुमला कर्करोग रुग्णालयाचे भूमिपूजन झाले, तेव्हा आमच्या इमारतीतल्या लोकांनी ती बातमी एकमेकांना दाखवली होती. पण या तक्रारीची दुसरी बाजू आम्ही बोलत नाही. मुंबईची रुग्णालये चालवणारी कितीतरी माणसे आमच्याच बाजूला राहतात. पहाटेच्या गाडीत जेवणाचे डबे आणि गणवेशाच्या पिशव्या घेऊन निघालेल्या बायका बघा. त्यांतली कोण कुठल्या वॉर्डात कोणाची मावशी आहे, हे शेजारीण म्हणून आपल्याला ठाऊक नसते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन लोकलमधून दारात लटकणारी माणसे खाली पडली आणि त्यांतली काही दगावली. ती बातमी बघताना हिने मला पहिला प्रश्न विचारला तो हा : ‘कोणी हॉस्पिटलातले नव्हते ना?’

परळच्या त्याच टापूत आणखी एक कथा घडून गेली आहे आणि ती विसरता येत नाही. के. ई. एम. मधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. त्या अर्धवट शुद्धीत पडून राहिल्या त्या १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे. नातेवाईक हळूहळू दूर झाले. वॉर्डातल्या परिचारिकांच्या पिढ्या आल्या आणि निवृत्त झाल्या, पण अरुणाबाईंना भरवणे, न्हाऊ घालणे, कूस बदलणे थांबले नाही. दयामरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निकाल देताना या परिचारिकांच्या सेवेची मुद्दाम दखल घेतली. अंत्यसंस्काराच्या वेळी आप्त म्हणून उभे राहण्याचा हक्क कोणाचा, असा प्रश्न आला तेव्हा लोकांच्या मनात उत्तर तयारच होते. ‘सिस्टर’ हा शब्द आपण रोज जितक्या सहज वापरतो, तितक्या सहज त्या बायकांनी तो वापरला नव्हता.

दुसरीकडे याच महाराष्ट्राला २०१० साली एक कायदा करावा लागला. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी, इतर कर्मचारी, सगळे त्यात येतात. म्हणजे रुग्ण वाचला की देवमाणूस आणि गेला की काचा फोडायच्या. मला वाटते या दोन्ही गोष्टी एकाच मापाच्या आहेत. देव मानले की त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवता येते, आणि चमत्कार झाला नाही की मूर्ती फोडायला हात शिवशिवतात. माणूस मानले, तर त्याच्या पाळीचे तास किती, जेवायला जागा कुठे, रात्री घरी कसा जातो, असे प्रश्न विचारावे लागतात. ते कंटाळवाणे आहेत. पण कृतज्ञतेला त्यांच्यातूनच जावे लागते, असे माझे मत झाले आहे.

बॉस्टनमध्ये केनेथ श्वार्ट्झ नावाचे एक वकील होते. आरोग्यसेवेच्या क्षेत्रातलेच त्यांचे काम. १९९४ च्या नोव्हेंबरात, चाळिशीत, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निघाले. ते धूम्रपान करीत नसत. पुढच्या जुलैत त्यांनी ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकाच्या रविवारच्या मासिकात आपल्या आजारपणाविषयी लेख लिहिला. त्यात मोठ्या शस्त्रक्रियांपेक्षा जास्त जागा त्यांनी दिली ती लहान गोष्टींना. शस्त्रक्रियेच्या आधीच्या तपासणीत सुरुवातीला कोरडेपणाने बोलणारी परिचारिका आपल्या लहान मुलाचा उल्लेख ऐकल्यावर कशी बदलली, कोणी हात हातात घेतला, कोणी गंमत केली, हे सगळे त्यांनी लिहिले. सप्टेंबर १९९५ मध्ये ते वारले. जाण्याआधी त्यांनी एक संस्था उभी केली आणि त्या संस्थेमुळे आज अनेक देशांतल्या रुग्णालयांत डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी ठरावीक दिवशी एकत्र बसून, एखाद्या रुग्णाने आपल्या मनावर काय परिणाम केला याविषयी बोलतात. उपचारांविषयी नव्हे, स्वतःविषयी. मरणाऱ्या माणसाला वाटले की आपली काळजी घेणाऱ्यांची काळजी कोणीतरी घ्यावी. आपल्याकडे कर्करोगाच्या वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टरला, जिच्या हातून महिन्याला कितीतरी ओळखीची माणसे जातात, असे बोलायला कोण भेटते? बहुधा लोकलच्या बायकांच्या डब्यातली मैत्रीण.

आमच्या हिची शस्त्रक्रिया झाली, मग २०१८ च्या उन्हाळ्यात रेडिएशन. छातीवर शाईच्या खुणा केलेल्या, त्या पुसायच्या नाहीत. दिव्याहून घामाने निथळत जायचे आणि खुणा शाबूत ठेवायच्या. मशीनच्या खोलीत रुग्णाला एकटे ठेवून सगळे बाहेर जातात आणि जाड दार बंद होते. तो क्षण हिला सर्वांत भीतीचा वाटे. तिथले ब्रदर बाहेर गेल्यावर ध्वनिक्षेपकावरून रोज एकच वाक्य म्हणत, ‘ताई, मी इथून बघतोय, नेहमीसारखा श्वास घ्या.’ कधी कधी ते विसरत आणि मग दोन मिनिटांनी आठवण झाल्यासारखे म्हणत. ही म्हणते, त्या विसरलेल्या दिवशी मी मनातल्या मनात स्वतःच म्हणून घेत असे.

उपचार संपून वर्ष झाले तेव्हा आम्ही दोघे पेढे घेऊन निघालो. आधी परळला गेलो, मग ठाण्याच्या बाजूच्या त्या रुग्णालयात, मावशींना भेटायला. हिने त्यांच्यासाठी साडीही घेतली होती. चौकशीच्या खिडकीवर विचारले. ‘कोणत्या मावशी?’ मी वर्णन केले, कोणत्या महिन्यात, कोणत्या खोलीत ते सांगितले. ‘नाव काय?’ आम्ही एकमेकांकडे बघितले. पाच दिवस ज्या बाईने हिचे अंग पुसले, केस काढले, तिचे नाव आम्ही विचारलेच नव्हते. मावशी म्हटल्यावर नाव विचारायची गरजच वाटली नव्हती. खिडकीवरच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी आत जाऊन विचारले. सफाईचे कंत्राट मध्यंतरी बदलले होते; जुन्या कंत्राटदाराची माणसे गेली होती; ती कोण, कुठे गेली, त्याची यादी रुग्णालयाकडे नव्हती. पेढे आम्ही तिथल्या नव्या मावशींना दिले. साडी परत आणली. ती कपाटात आहे.

त्या दिवसानंतर ही जिथे जाते तिथे नाव विचारते. रक्त घेणाऱ्या मुलीचे, लिफ्ट चालवणाऱ्याचे, खिडकीवरच्या माणसाचे. संपूर्ण नाव आणि राहायला कुठे. सुरुवातीला काहीजण दचकले, त्यांना वाटले तक्रार करायची आहे. रुग्णालयात कर्मचाऱ्याचे नाव विचारले जाते ते फक्त तक्रारीसाठी, असा त्यांचा अनुभव. मग ही घरी येऊन पोस्टकार्डावर त्या रुग्णालयाच्या प्रमुखांना लिहिते : अमुक दिवशी, अमुक विभागात, अमुक नावाच्या कर्मचाऱ्यांनी असे असे केले, त्यांच्या सेवापुस्तकात नोंद व्हावी. बहुतेक पत्रांना उत्तर येत नाही. एकदा मात्र परळला एका सिस्टरांनी हिला जिन्यात गाठले आणि म्हणाल्या, तुमचे कार्ड मेट्रनने सगळ्यांसमोर वाचून दाखवले. मग किंचित थांबून म्हणाल्या, ‘आडनाव चुकलेय माझे. पण चालेल.’ हिने घरी आल्या आल्या दुसरे कार्ड लिहिले, आडनाव दुरुस्त करून.

दरवर्षीची तपासणी आता पुढच्या महिन्यात आहे. गाडीचा, डब्याचा, फाइलीचा सगळा बेत नेहमीप्रमाणे माझ्याकडे. रेडिएशनच्या त्या ब्रदरांचे नाव तेवढे अजून विचारायचे राहून गेले आहे. ते अजून तिथेच असतील तर या वेळी विसरू नका, असे हिने मला दोनदा बजावले आहे.